घोषणेची हाऊजी

प्लायवूडच्या पायऱ्या.

इंगवल्यांच्या सुटाचं माप.

बंगळूरला निघालेला संबळ.

पाण्याची फाईल. "अगदी शेवटची दे, नीट चालणारी."

कॉफीचं यंत्र उचलून नेणारी दोन माणसं, आणि त्यांच्यासाठी लिफ्टचं दार हाताने धरून उभा असलेला आमचा मालक.

हैदराबादहून येणारा फोन.

"ठोसर, तुझं तिकीट भर की," उमेश म्हणाला. "सगळ्यांची भरून झाली. तुझंच राहिलंय."

मी पेनाचं टोपण चावत बसले होते. वर लिहिलंय ते सगळं माझ्या डोक्यात होतं आणि त्यातलं काय तिकिटावर लिहायचं ते ठरवत होते.

आमच्या कंपनीचं नाव टिटवी. आम्ही व्हिडिओ गेम बनवायचो. बाणेरच्या एका इमारतीत आमचे दोन मजले होते, त्यातला वरचा त्या उन्हाळ्यात सोडून दिला होता आणि सगळे खालच्या मजल्यावर दाटीवाटीने बसत होतो. आधीचे दोन गेम आपटले होते. दुसरा तर असा आपटला की ऑफिसात त्याचं नाव कुणी काढत नसे. तिसरा गेम आम्ही अजून बनवत होतो, आणि बनवता बनवता मी तिशीला आले होते.

दर नोव्हेंबरात बंगळूरला खेळांचं मोठं प्रदर्शन भरायचं. तिथे आमचा मालक राजस सबनीस स्टेजवर जाऊन घोषणा करायचा: यंदा टिटवी काय आणते आहे. ही घोषणा काय असणार ते आम्हालाही माहीत नसायचं. बातमी फुटते म्हणून राजस कुणाला सांगायचा नाही. त्यामुळे आम्ही आमच्याच कंपनीबद्दल बाहेरच्या लोकांसारखे अंदाज बांधत बसायचो. एरवी हे चहाबरोबर चालायचं. त्या वर्षी उमेश भोकरेने त्याची हाऊजी केली.

उमेश म्हणजे आमचा प्रॉडक्शनवाला. कुणाचं काम कुठवर आलं ते विचारत टेबलाटेबलावर फिरणारा, पण कुणाला त्याचा राग येत नसे असा. त्याने खरी हाऊजीची तिकिटं छापली होती, फक्त रकान्यांत आकडे नव्हते. तिथे आपापलं भाकीत लिहायचं, सुचतील तेवढ्याच रकान्यांत. राजस स्टेजवर जे बोलेल, जे दाखवेल, ते खोडत जायचं. जल्दी पाच, वरची ओळ, चारी कोपरे, फुल हाउस. बक्षीस म्हणून गेल्या दिवाळीत वाटून उरलेला डिनर सेट.

"मला ते गेमबिम काही कळत नाही," हिशेब बघणाऱ्या शैलाताई म्हणाल्या, "पण हाऊजी म्हटलं की मी आहे. आमच्या सोसायटीत कोजागिरीला माझ्याशेजारी बसत नाहीत लोक, घाबरतात. ठोसर, काय लिहितेस गं? दाखव."

"कॉपी करताय, ताई?"

"कॉपी काय! अभ्यास करतेय."

आणि त्यांनी माझं सगळं तिकीट रकान्यामागून रकाना उतरवून घेतलं.

*

जल्दी पाच

पहिली खूण इंगवले काकांनी आणली.

विश्वास इंगवले ऑफिसात सगळ्यांत मोठे, पन्नाशी ओलांडलेले. कोल्हापूरला मंडळांचे गणपतीचे देखावे करायचे, तिथून ते आमच्याकडे आले आणि संगणकावर चित्रं काढायला लागले. तिसऱ्या गेमचं नाव होतं 'बारव', आणि ती पायऱ्यांची विहीर, तळापासून वरपर्यंत, त्यांनी काढली होती. गावातली एक मुलगी बुजलेली बारव उतरत जाते. दर टप्प्याला ती एक पिढी मागे जाते. पाण्यात खडा टाकला की त्या पिढीतल्या बाईचा आवाज ऐकू येतो. एवढाच गेम. ते पाणी माझं होतं. खडा पडला की तरंग कसे उठावेत, दगडावर आपटून कसे परतावेत, उजेड त्यावर कसा मोडावा, त्याचं गणित मी लिहिलं होतं.

काका भांडायचे. "शेवाळाला एकच हिरवा लावलायस व्हय रे? तुझ्या घरच्या न्हाणीत तरी एकच हिरवा हाय का, जाऊन बघ." बढायाही मारायचे. "ही बारव माझी. तुम्ही नुसतं तिच्यातनं चालताय."

तर एक दिवस, तिकिटं भरायच्या आधीच, ते तरातरा माझ्या टेबलाशी आले.

"सुताराचा फोन आलता. कसब्यातला लोणारे, माझ्या वळखीचा. राजसनं त्याला काम दिलंय. पायऱ्या करायच्यात. स्टेजवर."

"पायऱ्या?"

"खाली उतरायच्या."

"स्टेज सपाट असणार ना, काका? खाली कुठे उतरणार?"

"आदी मागनं चढायचं, मग म्होरनं उतरायचं. देखावा असाच करत्यात, अडाणी."

म्हणून तिकिटावर मी 'पायऱ्या' लिहिलं.

मग ऑफिसात शिंपी आला आणि त्याने फक्त काकांचं माप घेतलं. "सूट? मी लग्नात घातला न्हाई," असं म्हणत काका हात पसरून उभे राहिले, आणि माप घेणं संपल्यावरही थोडा वेळ तसेच उभे होते. चित्र काढणाऱ्याला स्टेजवर नेणार, म्हणजे त्याने काढलेलं दाखवणार. मी 'इंगवले काका बोलणार' लिहिलं.

आमच्या गेमसाठी ज्यांचा संबळ आम्ही वाजवून घेतला होता, त्यांचं बंगळूरचं तिकीट निघालं. मी 'संबळ' लिहिलं.

आणि राजस स्वतः माझ्याकडे आला.

"तळाच्या टप्प्याचं पाणी दे. शेवटची फाईल. वरून काही पडलं की तरंग उठतात ना, ते नीट चालायला हवंय."

"सर, काय पडणार आहे?"

"राजस म्हण. सर नको."

"राजस, काय पडणार आहे?"

तो हसला. "ते आता स्टेजवरच."

पाण्यात काय पडतं ते मला ठाऊक होतं. खडा. मी 'पाणी' लिहिलं, आणि अगदी मधल्या रकान्यात, मोठ्या अक्षरात, 'बारव'.

बारव जाहीर झाली तर आम्ही राहणार होतो. नाही झाली तर ती कधीच येणार नव्हती आणि आमचंही काही खरं नव्हतं. असं कुणी बोललं नव्हतं. कॉफीचं यंत्र गेल्यावर बोलायची गरज उरली नव्हती.

*

चारी कोपरे

हैदराबादच्या बाईंचं नाव पद्मजा. त्यांच्या कंपनीत पडद्यावरच्या पाण्याचं काम करणारं माणूस हवं होतं. नुसतं पाण्यावर! समुद्र, पूर, पाऊस. असं काम आपल्या देशात दुसरीकडे कुठे नव्हतं. त्या थांबून थांबून, गोड बोलायच्या. शेवटच्या फोनवर म्हणाल्या, शुक्रवारी दुपारपर्यंत सांग, त्यानंतर मला दुसऱ्या मुलीला हो म्हणावं लागेल.

घोषणा शुक्रवारी संध्याकाळी होती.

बुधवारी काका बंगळूरला जायला निघाले. त्याआधी कँटीनमध्ये त्यांनी माझ्यासमोर भाषणाची तालीम केली. राजसने त्यांना सांगितलं होतं, मनातलं बोला, मराठीत बोला, खाली भाषांतर दाखवू.

"मी विश्वास इंगवले," काका म्हणाले. पाठीमागे हात बांधले. सोडले. "हात कुठं ठेवू गं?"

"राहू द्या असेच."

"मी विश्वास इंगवले. मी कोल्हापूरला देखावे करायचो. देखावा दहा दिवस असतो. मग मोडतात. ही बारव मोडायची नाही, म्हणून केली. उतरताना घाई करू नका. प्रत्येक टप्प्यावर थांबा. तिथं कोणतरी तुमची वाट बघत बसलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जास्त होतंय का?"

"नाही."

"रडकं वाटतंय का?"

"थोडंसं."

"मग बरोबर हाय."

मला हैदराबादला जायचं होतं. हे सरळच सांगते. पण बारव बाहेर पडायच्या आधी तिचं पाणी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं, तेही मला जमणार नव्हतं. गेम आला असता तर त्याला अजून वर्षभर काम होतं, आणि ते मीच करायला हवं होतं.

शुक्रवारी जेवायच्या सुट्टीत मी उमेशला गाठलं. तो कँटीनच्या टीव्हीची वायर लावत होता. संध्याकाळी सगळ्यांनी तिथेच बसून घोषणा बघायची होती.

"उमेश, तुला माहितीये ना?"

"काय?"

"काय जाहीर होणार ते. तू सगळ्यांची कामं बघतोस, तुला माहीत असणारच."

"मला सांगतात होय? मी मेला तिकिटं छापणारा माणूस."

"चेष्टा नको. मला हैदराबादला आत्ता उत्तर द्यायचंय. अर्ध्या तासात."

त्याने वायर खाली ठेवली. हात पँटला पुसले.

"तुझ्या तिकिटावर काय काय आहे?"

"पायऱ्या. संबळ. पाणी. काका बोलणार. आणि बारव."

"मग? खुणा तू शोधल्यास, मला काय विचारतेस?"

"येणार का?"

"सगळं येणार," उमेश म्हणाला. "एकूण एक. लिहून देतो हवं तर."

मी जिन्यात गेले आणि पद्मजाबाईंना नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझा गेम चांगला चालो. मनापासून म्हणाल्या.

*

वरची ओळ

स्टेज काळोखात.

संबळ.

(कँटीनमध्ये पहिली शिट्टी. शैलाताई: "आलं! संबळ आलं! खोडा!")

उजेड पाठीमागून वर चढत आला आणि पायऱ्या दिसल्या. लोणारे सुताराने काम फक्कड केलं होतं. प्लायवूड आहे असं वाटतच नव्हतं. शेवाळाचे सगळे हिरवे त्यात होते.

("पायऱ्या! अगं बाई, ठोसर, तू आहेस कोण?")

राजस त्या पायऱ्या उतरून खाली आला. म्हणाला, टिटवी मातीतले खेळ बनवते. म्हणाला, आमच्याबद्दल गेलं वर्षभर लोक काय काय बोलत होते ते मी ऐकलंय, आज त्याचं उत्तर देतो. मग बाजूला झाला आणि मागच्या पडद्यावर एक शब्द उजळला.

बारव.

कँटीनमध्ये जे झालं ते मला अजून ऐकू येतं. कुणीतरी टेबलावर चढलं. कुणीतरी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की डोळ्यांत पाणी आलं. गेममधले आवाज तयार करणारा आमचा चंदन बोरगे सगळ्यांना मिठ्या मारत सुटला. शैलाताईंनासुद्धा. त्या "अरे, तिकीट फाटेल" म्हणून ओरडत होत्या. मी उमेशकडे बघितलं. तो टाळ्या वाजवत होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

मग पडद्यावर पाणी आलं. माझं. तळाच्या टप्प्याचं, काळं, गार, स्थिर.

वरून काहीतरी पडलं. ते पडताना गिरक्या घेत होतं. खडा गिरक्या घेत नाही.

बदामची राणी.

ती पाण्यावर चपटी पडली आणि तरंग उठले. दगडावर आपटून परतले. अगदी बरोबर. मग चौकटचा गुलाम पडला, मग इस्पिकचा राजा, एकापाठोपाठ एक पत्ते, प्रत्येकाभोवती माझे तरंग. आणि 'बारव'खाली दुसरा शब्द उजळला.

रमी.

राजस बोलत होता. पैसे लावून खेळायची, पण आपल्या मातीतली. दर टप्प्याला नवं टेबल, जितकं खाली जाल तितका मोठा डाव. एका मोठ्या कंपनीने टिटवी घेतली आहे, हे आज सांगताना आनंद होतो आहे. पहिल्या रांगेतली त्या कंपनीची माणसं उभी राहून वळली आणि त्यांनी हात हलवला.

कँटीनमध्ये टेबलावर चढलेला माणूस अजून टेबलावरच होता. त्याला उतरायचं कसं ते कळत नव्हतं.

"आणि आता ज्यांनी हे जग उभं केलं," राजस म्हणाला, "ते आमचे काका."

इंगवले काका पायऱ्यांच्या वरच्या टोकाला दिसले. नवा सूट. दोन्ही बाजूंना पत्त्यांच्या वेषातल्या मुली. त्यांचा चेहरा मोठा करून दाखवला, तेव्हा मला कळलं की त्यांनाही आत्ता, तिथे मागे उभं राहून, आमच्याबरोबरच कळलंय. ते पायऱ्या उतरले. माइकपाशी आले. मागे वळून एकदा पडद्याकडे बघितलं. तिथे पत्ते पडतच होते.

मला वाटलं, आता हा माणूस भांडेल. शेवाळाच्या एका रंगावरून आठवडाभर भांडणारा माणूस. मला तेच हवं होतं. स्टेजवर, सगळ्यांसमोर, राजसची गचांडी धरावी त्यांनी.

काकांनी हात सरळ सोडले.

"मी विश्वास इंगवले," ते म्हणाले. "मी कोल्हापूरला देखावे करायचो. देखावा दहा दिवस असतो. मग मोडतात. ही बारव मोडायची नाही, म्हणून केली."

ते थांबले. इथे तालमीत ते थांबले नव्हते.

"उतरताना घाई करू नका. प्रत्येक टप्प्यावर थांबा. तिथं कोणतरी तुमची वाट बघत बसलंय."

खाली भाषांतर येत होतं. लोकांना ते फार आवडलं. टाळ्या थांबेनात.

"फुल हाउस!"

शैलाताई. तिकीट डोक्यावर धरून उभ्या. "फुल हाउस! सगळे रकाने आले! काका बोलले की झालं!"

कुणी हललं नाही. त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. "काय झालं? बरोबर आहे ना माझं? उमेश, तपास ना."

आणि उमेशने तपासलं. हाऊजीत तपासतात तसं, मोठ्याने. "पायऱ्या, आलं. संबळ, आलं. पाणी, आलं. बारव, आलं. काका बोलणार..." त्याने टीव्हीकडे बघितलं. "आलं. फुल हाउस बरोबर."

डिनर सेटचं खोकं त्याने टेबलावर त्यांच्यापुढे ठेवलं.

*

फुल हाउस

जिन्यात मी पद्मजाबाईंना फोन लावला. त्यांनी दुपारीच दुसऱ्या मुलीला हो म्हटलं होतं. त्या बिचाऱ्या माझीच समजूत घालत राहिल्या.

उमेश सिगरेट घेऊन खाली आला. मला बघून परत फिरायला लागला, मग फिरला नाही.

"सगळं आलं की नाही?" मी म्हटलं.

"ठोसर..."

"लिहून देणार होतास. द्यायचं होतंस."

"मी खोटं काही बोललो नाही."

"नाही. ते मी बघितलं."

त्याने सिगरेट पेटवली नाही. नुसती फिरवत राहिला.

"घेणारे लोक ऑफिस बघायला यायचे होते," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात आले ना ते चौघं, तुझ्या टेबलाशी उभे राहिलेले? राजसला भरलेलं ऑफिस दाखवायचं होतं. बारव येणार नाही असं कळलं असतं तर एकेक जण गेला असता. तू पहिली. मग त्यांनी रिकाम्या खुर्च्या विकत घेतल्या असत्या का?"

"म्हणून हाऊजी?"

"राजस म्हणाला, घोषणेपर्यंत कुणी हलता कामा नये, बघ काहीतरी. मला हाऊजी सुचली." त्याचा आवाज खाली गेला. "काय येणार ते ओळखण्यात माणूस गुंतला, की आपलं ओळखलेलं खरं होतंय का ते बघायला थांबतो. तूही थांबलीस."

"पायऱ्यांची बातमी काकांना सुताराने दिली होती."

"सुताराला इंगवल्यांना विचारून घे असं मीच सांगितलं होतं."

"आणि शिंपी ऑफिसात बोलावला."

त्याने सिगरेट दुसऱ्या हातात घेतली. त्या शिंप्याचं दुकान इंगवल्यांच्या घराखाली होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माप तिथेच झालं असतं.

मी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. मी म्हटलं, "सर, आत जाते." त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा सर म्हटलं. त्याचा चेहरा थोबाडीत मारल्यासारखाच झाला, तेवढंच समाधान.

सोमवारी काका सूट घालून ऑफिसात आले. ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी आपला संगणक सुरू केला.

"बघितलंस?"

"हो, काका."

"कुठं चुकलो न्हाई ना?"

"नाही. एक शब्दही नाही."

"मदी थांबलो जरा."

"ते बरं वाटलं."

"ते थांबायचं न्हवतं," काका म्हणाले. "म्होरचं आठवंना. मागं ते पत्ते पडाय लागले न् समदं पुसलं बघ. मग तुझा आवाज आठवला, राहू द्या असेच म्हणालीस तो. मग आठवलं." त्यांनी कोटाची गुंडी काढली, परत लावली. "भांडायचं होतं मला. पाठ केलेलं आदी तोंडात आलं. आता काय करतीस?"

महिन्याभरात आम्हा सगळ्यांना घरी पाठवलं. घेणाऱ्यांना बारवेचं नाव, चित्रं आणि पाणी पुरलं. काका कोल्हापूरला परत गेले. मी पुढे वर्षभर घरी होते, नंतर एका बँकेच्या ॲपचं काम धरलं, अजून तेच करते. रमी चालली. स्वारगेटला बसची वाट बघताना शेजारच्या माणसाच्या फोनमध्ये मला ती एकदा दिसली. तो हरत होता आणि पत्ते पाण्यावर पडत होते. तरंग बघायला तो थांबत नव्हता.

नंतर कळलं, उमेशला कंपनीने काढल्याचं जुलैमध्येच सांगितलं होतं. घोषणेपर्यंत माणसं टिकवलीस तर तुला ठेवायचा विचार करू, असंही सांगितलं होतं. हाऊजीची तिकिटं त्याने सप्टेंबरात छापली.